माचणूरचा बादशहा आणि आकाशगंगेचं साम्राज्य

सोलापूरहून मंगळवेढ्याकडे जाताना भीमेच्या काठावर माचणूर लागतं. नदीचा घाट, सिद्धेश्वराचं देऊळ, जवळच किल्ल्याचे बुरूज, आणि शेजारी ब्रह्मपुरी गाव. १६९५ च्या मे महिन्यात इथे एक म्हातारा माणूस मुक्कामाला आला आणि १६९९ च्या ऑक्टोबरपर्यंत इथेच राहिला. आला तेव्हा त्याला सत्याहत्तरावं वर्ष चालू होतं. काबूलपासून बंगालपर्यंत त्याच्या नावाची नाणी पडत होती. औरंगजेबाने ब्रह्मपुरीचं नाव बदलून इस्लामपुरी केलं आणि इथूनच कारभार हाकला. त्या साडेचार वर्षांत मोगल साम्राज्याची खरी राजधानी दिल्लीत नव्हती, आग्र्यातही नव्हती. ती मंगळवेढा तालुक्यात होती.

कोसळत्या साम्राज्यांच्या अंतराळकथा मी आवडीने वाचत आलो आहे. हजारो ग्रहांवर एक सम्राट, ताऱ्यांमधून फिरणारी आरमारं, कडेच्या ग्रहांवर बंडं, आणि आतून किडत चाललेला दरबार. इंग्रजीत या प्रकाराला ‘स्पेस ऑपेरा’ म्हणतात. विल्सन टकर या लेखकाने १९४१ मध्ये हिणवण्यासाठी काढलेलं हे नाव पुढे वाचकांनी प्रेमाने स्वीकारलं. या कथांमध्ये जे जे घडतं, त्यातलं बहुतेक सगळं सोलापूर जिल्ह्यातल्या नदीकाठांवर घडून गेलेलं आहे, हे लक्षात आलं तेव्हा मी थक्क झालो. आणि त्याहून थक्क करणारी गोष्ट अशी की, माचणूरच्या छावणीकडे नीट पाहिलं तर ताऱ्यांवरची साम्राज्यं का टिकणार नाहीत याचा हिशेबच हाती लागतो.

आधी ती छावणी पाहू. जेमेली कारेरी नावाचा इटालियन प्रवासी जगाची सफर करत निघाला होता. १६९५ च्या मार्चमध्ये, म्हणजे छावणी ब्रह्मपुरीला येण्याच्या दोनच महिने आधी, त्याने कृष्णाकाठच्या गलगल्याला औरंगजेबाची भेट घेतली. त्याला मिळालेली माहिती अशी: साठ हजार घोडेस्वार, एक लाख पायदळ, तीन हजार हत्ती, आणि व्यापारी, कारागीर, नोकरचाकर, बाजारबुणगे धरून एकूण पाच लाख माणसं. अडीचशे बाजार. प्रत्येक मोठ्या सरदाराचा बाजार वेगळा. सगळ्या छावणीचा घेर तीस मैल, म्हणजे जवळजवळ अठ्ठेचाळीस किलोमीटर. आकडे ऐकीव असतील, थोडे फुगलेलेही असतील. तरी एवढं नक्की की हे चालतं शहर होतं. मोगल बादशहा प्रवासाला निघाला की तंबूंचे दोन संच असत. एकात तो राहत असे, तेव्हा दुसरा पुढच्या मुक्कामावर उभा राहत असे. मधोमध लाल कनातींनी वेढलेला बादशाही भाग. रात्री एका प्रचंड उंच खांबावर दिवा टांगत, म्हणजे अंधारात चुकलेल्याला छावणीची दिशा सापडावी. अबुल फजलने त्याचं नाव ‘आकाशदिया’ असं नोंदवलं आहे. बर्निये या फ्रेंच वैद्याने औरंगजेबाच्याच काश्मीरच्या प्रवासात तो डोळ्यांनी पाहिला होता. अंतराळकथांमध्ये राजधानी पोटात घेऊन फिरणारी ग्रहाएवढी जहाजं असतात. तसल्या जहाजाला पृथ्वीवर जवळात जवळ जाणारी वस्तू कुठली, असं कुणी विचारलं तर मी हीच सांगेन.

आता आयझॅक अॅसिमॉव्हकडे वळू. १ ऑगस्ट १९४१ रोजी हा एकवीस वर्षांचा रसायनशास्त्राचा विद्यार्थी न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेतून एका मासिकाच्या संपादकाला, जॉन कॅम्पबेलला भेटायला चालला होता. सांगायला कथा नव्हती. हातातल्या पुस्तकातलं पहारेकऱ्याचं चित्र पाहून त्याच्या मनात सैनिक आले, सैनिकांवरून लष्करी साम्राज्यं आणि त्यांवरून रोम. एडवर्ड गिबनचा रोमच्या ऱ्हासाचा प्रचंड इतिहास त्याने वाचलेला होता. रोमच्या जागी आकाशगंगा ठेवली तर? त्यातून ‘फाउंडेशन’ जन्माला आली. पहिली कथा १९४२ च्या मेमध्ये छापली गेली आणि १९५१ ते १९५३ दरम्यान तीन पुस्तकं निघाली. त्यातलं साम्राज्य बारा हजार वर्षं टिकलेलं आहे. अडीच कोटी ग्रह. राजधानीचा ग्रह ट्रँटॉर म्हणजे ध्रुवापासून ध्रुवापर्यंत एकच शहर, लोकसंख्या चार हजार कोटींच्या वर. त्यांच्या जेवणासाठी वीस ग्रहांवर शेती चालते आणि हजारो जहाजं धान्य आणत राहतात. हॅरी सेल्डन हा गणिती हिशेब मांडून सांगतो की हे सगळं कोसळणार आणि मागे तीस हजार वर्षांचा अंधार राहणार. कोसळणं टळणार नाही, पण अंधार एक हजार वर्षांवर आणता येईल. त्यासाठी तो आकाशगंगेच्या अगदी कडेच्या, कुणाच्या खिजगणतीत नसलेल्या एका ग्रहावर थोड्या माणसांची वसाहत वसवतो.

ट्रँटॉरला वीस ग्रह पोसत होते. भीमाकाठच्या छावणीला वंजाऱ्यांचे बैलांचे तांडे पोसत होते. तांडे यायचे थांबले की छावणीत महागाई. संताजी घोरपडे आणि धनाजी जाधव यांनी मोगलांच्या रसदेवर आणि फुटकळ फौजांवर घाला घालण्याचं तंत्र इतकं पक्कं बसवलं होतं की लाखाची फौज मैदानात उभी असूनही तिला शत्रू सापडत नव्हता. बादशहा ब्रह्मपुरीला बसलेला असतानाच संताजीने १६९५ च्या अखेरीस दोड्डेरीला कासिमखानाची फौज कोंडून बुडवली आणि पुढल्याच जानेवारीत बसवापट्टणला हिंमतखानाला मारलं.

मला मात्र सर्वांत विलक्षण वाटते ती बातम्यांची यंत्रणा. प्रत्येक सुभ्यात बादशहाचे वाकेनवीस असत. ते उघडपणे घडामोडी लिहून पाठवत. त्यांच्यावर नजर ठेवायला सवानिहनिगार. दोघांवर नजर ठेवायला खुफियानवीस, ज्यांचं नाव कुणाला कळू नये. शिवाय तोंडी आणि लेखी खबर आणणारे हरकारे. डाकचौक्यांवरून पत्रं धावत येत आणि दरबारात वाचली जात. दरबारात रोज काय घडलं, कोण आलं, कुणाला काय बक्षीस मिळालं, याचीही बातमीपत्रं निघत. त्यांना अखबारात म्हणत. कर्नल टॉडने नेलेली काही बातमीपत्रं लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीत आहेत. जदुनाथ सरकारांनी औरंगजेबाचा पाच खंडांचा इतिहास लिहिताना ती पानोपान चाळली.

चार-चार पदरी बातमीदार कशाला लागतात? कारण राजा जिथे नसतो तिथे त्याचं राज्य म्हणजे फक्त त्याच्यापर्यंत पोचलेली बातमी आणि त्याने धाडलेला हुकूम. ब्रह्मपुरीहून दिल्ली सरळ रेषेत बाराशे किलोमीटर. काबूल दोन हजार. दक्षिणेला मराठ्यांचा राजा राजाराम जिथे होता ती जिंजी सातशेच्या वर. घोडा कितीही उमदा असला तरी तो रात्रंदिवस धावत नाही, आणि पावसाळ्यात भीमा-कृष्णा कुणासाठी थांबत नाहीत. बादशहाच्या हातात आलेलं पत्र नेहमी मागचं जग सांगत असे. त्याचा हुकूम परत पोचेपर्यंत ते जगही बदललेलं असे. औरंगजेबाने यावर उपाय काढला तो धाडसी होता. बातमी सरहद्दीवरून राजधानीला येते ना, मग राजधानीच सरहद्दीवर नेऊ. १६८१ मध्ये तो दक्षिणेत उतरला. १६८६ मध्ये विजापूर पडलं, १६८७ मध्ये गोवळकोंडा. १६८९ मध्ये संभाजीराजांचा क्रूर वध झाला. उपाय लागू पडला असं वाटलं. पण जिंजीची बातमी जवळ आली तशी दिल्लीची लांब गेली. उत्तरेकडच्या सुभेदारांना पंचवीस वर्षं बादशहा दिसला नाही. एका कडेशी जवळीक साधताना बाकीच्या सगळ्या कडा दूर जातात. घोड्याच्या वेगाला यातून सुटकाच नव्हती.

आता हाच हिशेब आकाशात मांडून पाहू. विश्वात बातमीला वेगाची एक कमाल मर्यादा आहे, प्रकाशाची: सेकंदाला तीन लाख किलोमीटर. त्याहून वेगाने ना पत्र जातं, ना हुकूम, ना आरमार. हिशेबापुरतं धरू की काबूलची खबर भीमाकाठी यायला एक महिना लागे, आणि एवढ्या उशिरात मोगलांनी साम्राज्य कसंबसं चालवलं. तर मग प्रकाशाच्या वेगाने एका महिन्याच्या टप्प्यात किती मोठं साम्राज्य बसेल? प्रकाश महिन्याभरात सुमारे पाऊण लाख कोटी किलोमीटर जातो. ऐकायला अफाट वाटतं. सूर्यापासून नेपच्यून प्रकाशाच्या जेमतेम चार तासांवर, म्हणजे सगळे ग्रह या वर्तुळात मध्यभागीच गोळा होतात. पण सर्वांत जवळचा तारा, प्रॉक्झिमा, सव्वाचार प्रकाशवर्षांवर आहे. मोगलांइतकं आटोक्यातलं साम्राज्य उभारायचं तर त्यात सूर्याखेरीज दुसरा एकही तारा येत नाही. एकसुद्धा नाही! वर्षभराचा उशीर चालवून घेतला तरी नाही. दहा वर्षांचा उशीर पत्करला, म्हणजे हुकूम आणि उत्तर मिळून वीस वर्षं, तर दहा-बारा तारे मिळतात.

आणि ट्रँटॉर? आकाशगंगेचा व्यास सुमारे एक लाख प्रकाशवर्षं. राजधानी मध्याजवळ धरली तर कडेच्या बंडाची बातमी सम्राटाच्या कानावर पन्नास हजार वर्षांनी पडेल. आणि अॅसिमॉव्हचं अख्खं साम्राज्य टिकलं बारा हजार वर्षं! साम्राज्य स्थापन झाल्याची दवंडी कडेपर्यंत पोचायच्या कितीतरी आधी ते बुडालेलं असेल. दवंडी तर कडेकडे जात राहील, आणि अडतीस हजार वर्षांनी ती ऐकणारे एका नसलेल्या सम्राटाचे प्रजाजन होतील. अॅसिमॉव्हला हे ठाऊक होतं. म्हणून त्याने, आणि त्याच्यामागून जवळजवळ प्रत्येक अंतराळकथा-लेखकाने, अवकाशाला बगल देणारी एक चोरवाट कल्पिली, जिच्यातून जहाज क्षणात पलीकडे निघतं. मला ही पळवाट वाटत नाही. साम्राज्याची गोष्ट सांगायची तर आधी बातमीचा वेग वाढवावा लागतो, अशी ती कबुलीच आहे. आपलं खरं यान, १९७७ साली निघालेलं व्हॉयेजर-१, सेकंदाला सतरा किलोमीटर वेगाने जातं आहे. इतक्या वर्षांत ते जेमतेम एक प्रकाशदिवस दूर गेलं. त्याला सूचना पाठवली की उत्तर यायला दोन दिवस. माणसाने बनवलेल्या सर्वांत लांबच्या वस्तूची डाक आजही माचणूरच्या डाकेहून लवकर येते.

दुसरा पेच वेगाचा नाही, विश्वासाचा आहे. ‘फाउंडेशन’मध्ये बेल रायोस नावाचा तडफदार सेनापती कडेवरच्या वसाहतीवर चालून जातो, जिंकत राहतो, आणि मध्येच सम्राट त्याला परत बोलावून घेतो. दुबळा सेनापती जिंकू शकत नाही. दुबळ्या सम्राटाच्या हाताखालचा बळकट सेनापती सिंहासनाकडे वळतो. आणि सम्राट बळकट असेल तर तो अशा सेनापतीला फार पुढे जाऊच देत नाही, कारण तो स्वतः कसा बळकट राहिला हे त्याला पक्कं माहीत असतं. औरंगजेबाने बापाला कैदेत टाकून आणि भावांना संपवून तख्त घेतलं होतं. पुढे त्याचा मुलगा अकबर बंड करून मराठ्यांकडे आला. शाहजादा मुअज्जमने गोवळकोंड्याशी आतून बोलणी चालवल्याचा संशय आला आणि त्याला १६८७ पासून १६९५ पर्यंतची वर्षं कैदेत काढावी लागली. धाकट्या कामबक्षाला जिंजीसमोर खुद्द मोगल सरदारांनीच अटक केली, राजारामाशी संधान बांधल्याच्या आरोपावरून. मोगल सेनापती जुल्फिकारखान त्याच जिंजीला आठ वर्षं वेढा घालून बसला. किल्ला १६९८ मध्ये पडला तेव्हा राजाराम महाराज तिथून आधीच निसटले होते. मोगल फौजेत कारकुनी केलेला भीमसेन सक्सेना आपल्या फारसी आठवणींमध्ये स्पष्ट सांगतो की खानाने मनावर घेतलं असतं तर किल्ला लवकर पडला असता. लढाई चालू राहण्यातच सरदारांचा फायदा होता. ब्रह्मपुरीच्या तंबूत बसलेल्या बादशहाला हे कळत नसेल असं मला वाटत नाही. पण बदली पाठवायचा तर कुणाला? जो जिंकेल असा, त्याच्यावर विश्वास नाही.

तिसरी गोष्ट जमाखर्चाची. विजापूर-गोवळकोंडा बुडवल्यावर तिथले सरदार पदरात घ्यावे लागले, फुटून आलेल्या मराठ्यांनाही मनसबी द्याव्या लागल्या. मनसब म्हणजे जहागीर आली. माणसं वाढली, उत्पन्नाची जमीन त्या मानाने वाढली नाही, आणि जी होती तिच्यातून मराठे चौथाई उचलत होते. मनसबदार कागदावर जहागीरदार आणि प्रत्यक्षात उपाशी. त्या वेळच्या दरबारात यावर एक फारसी म्हण चाले: एक डाळिंब आणि शंभर आजारी. सांगोल्याच्या डाळिंबांची कीर्ती तेव्हा असती तर ही म्हण इथलीच ठरली असती. आज राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र सोलापूरजवळच आहे.

सेल्डनने नवी सुरुवात कडेवर पेरली. मोगलांच्या बाबतीत ती छावणीच्या आतच वाढत होती. रायगड पडल्यावर कैद झालेले, संभाजीराजांची पत्नी येसूबाई आणि मुलगा शाहू, याच छावणीबरोबर फिरत होते. शाहूचा जन्म १६८२ चा, म्हणजे ब्रह्मपुरीच्या मुक्कामात तो तेरा ते सतरा वर्षांचा. ते दरबार, ते तंबू, ती थकलेली फौज पाहत हा मुलगा मोठा झाला. १७०७ मध्ये सुटला. बारा वर्षांनी त्याच्याच वतीने बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून दक्षिणेच्या सहा सुभ्यांच्या चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा घेऊन आले. ज्या साम्राज्याने त्याला कैदेत वाढवलं, त्याच्याच शिक्क्याने त्याचा हक्क मान्य झाला.

ब्रह्मपुरीहून निघाल्यावर बादशहाने मराठ्यांचा एकेक किल्ला घ्यायला सुरुवात केली. फौज पुढे सरके आणि मागचा किल्ला मराठे परत घेत. १७०० च्या ऑक्टोबरात छावणी सांगोल्याजवळच्या खवासपूरला माणनदीत आणि तिच्या दोन्ही काठांवर पसरलेली असताना मध्यरात्री पूर आला. गडबडीत बादशहा पडला, गुडघा निखळला, आणि तो जन्माचा लंगडा झाला. दरबाऱ्यांनी समजूत घातली की हा तर पूर्वज तैमूरलंगाचा वारसा. माणनदी वर्षातले बहुतेक महिने कोरडी असते, हे सोलापूरकरांना सांगायला नको. ३ मार्च १७०७ ला अहमदनगरजवळ औरंगजेब वारला. पुढे १७१९ या एकाच वर्षात दिल्लीच्या तख्ताने चार बादशहा पाहिले.

तरी साम्राज्याचं नाव संपलं नाही. मराठ्यांच्या टांकसाळींतून दिल्लीच्या बादशहाच्या नावाचे रुपये निघत राहिले. इंग्रजांची कंपनीही बादशहा शाह आलमच्या नावाने नाणी पाडत राहिली. तो १८०६ मध्ये वारला, नाणी १८३५ पर्यंत निघाली आणि त्यांवरचं राज्यवर्ष एकाच आकड्यावर गोठलेलं होतं.

सोलापूरने यानंतर आणखी एका साम्राज्याची पकड सुटताना पाहिली, आणि तेव्हा तारयंत्र होतं. १९३० च्या मे महिन्यात गांधीजींच्या अटकेची बातमी गिरणगावात पोचली. मोर्चे निघाले, गोळीबार झाला, चौक्या जळाल्या, पोलीस शहर सोडून गेले. तीन दिवस शहराची व्यवस्था काँग्रेसच्या स्वयंसेवकांनी पाहिली. सरकारला क्षणाक्षणाची खबर होती, कारण तार होती. हुकूमही क्षणात निघत होते. पण हुकूम मानणारा शिपाई जागेवर नव्हता. १२ मे रोजी लष्करी कायदा पुकारला तेव्हा इंग्रजांचं राज्य शहरात परत आलं. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन आणि श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिलं गेलं. शहरातले चार पुतळे त्यांचे आहेत. बातमीचा वेग आणि बळाचा वेग हे दोन वेगळे वेग आहेत, हे मला या तीन दिवसांनी शिकवलं. औरंगजेबाकडे दोन्ही संथ होते. इंग्रजांकडे एक विजेचा होता आणि दुसरा रेल्वेचा.

म्हणून माणसाचं पहिलं अंतराळातलं साम्राज्य कसं असेल असा विचार करताना मला ट्रँटॉर आठवत नाही, १९३० चं सोलापूर आठवतं. मंगळापर्यंत संदेश जायला ग्रहांच्या स्थितीप्रमाणे तीन ते बावीस मिनिटं लागतात. यानाला लागतात साधारण सात महिने, आणि सोयीची वेळ सव्वीस महिन्यांतून एकदाच येते. तिथे कधी वसाहत झाली आणि तिने एखाद्या सकाळी पृथ्वीचा हुकूम मानायचं नाकारलं, तर ते इथे चहा थंड व्हायच्या आत कळेल. शिपाई मात्र, यान तयार असलं आणि वेळ साधली तरी, पुढच्या पावसाळ्यापर्यंत पोचणार नाहीत.